चौथे शील आणि माझे घर

(संस्थेच्या विद्यार्थी गुणगौरव समारंभात एका पालकाने केलेले भाषण)



प्रथम मी कार्यकारिणीचे आभार मानतो. दरवर्षी या समारंभात एका पालकाला मनोगत व्यक्त करण्याची संधी दिली जाते. या वर्षी गौरव होणाऱ्या विद्यार्थ्यांत माझी नात आहे, म्हणून हा मान माझ्याकडे आला. मी वक्ता नाही. चाळीत वाढलेला आणि गिरणीत काम केलेला माणूस आहे. वयाची सत्तरी ओलांडली आहे. बोलताना काही उणे-अधिक झाले तर सांभाळून घ्यावे, ही विनंती.

निमंत्रण देण्यासाठी आपले चिटणीस घरी आले होते. ते म्हणाले, "काका, तुम्ही कृतार्थ पालक आहात. मुलगा वीज खात्यात, मुलगी नर्स, नात इंजिनिअरिंगला चालली. मुलांना कसे घडवले ते दहा मिनिटे सांगा." मी हो म्हटले खरे, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. 'कृतार्थ' हा शब्द फार मोठा आहे. आणि मी मुलांना घडवले, असे या व्यासपीठावरून सांगितले तर ते खोटे होईल. आपण दर रविवारी विहारात पंचशील ग्रहण करतो. त्यातले चौथे शील खोटे न बोलण्याचे. ते मी माझ्या मुलांना पाठ करून घेतले, आणि मीच ते अनेक वर्षे मोडले. आज त्याबद्दलच बोलावे असे मी ठरवले आहे. घरी सर्वांना विचारूनच बोलत आहे. मुलगा म्हणाला, "सांगा बाबा, कोणाच्या तरी उपयोगी पडेल."

आमचे मूळ गाव सातारा जिल्ह्यात. माझ्या आजोबांनी गावकीची कामे केली. चावडी झाडायची, सांगावा घेऊन वेशीबाहेर धावायचे, मेलेले ढोर ओढायचे. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणत असू, ते या सर्वांतून सुटण्यासाठी मुंबईला आले आणि गिरणीत लागले. तेथेही जात सुटली नाही. आपल्या लोकांना त्या काळी विणकाम खात्यात घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि आपल्या तोंडाचा धागा इतरांना चालत नसे. विणकाम खात्यात पगार अधिक होता, पण आबांना उभा जन्म रिंग खात्यात काढावा लागला. परमपूज्य बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार चळवळीपुढे जाहीरपणे मांडला होता, हे आपणांस माहीत आहे.

आबा मला एक गोष्ट सारखी सांगत. "पोरा, उपाशी राहा, पण हातात झाडू धरू नकोस. त्यासाठी मी गाव सोडलं नाही." हे वाक्य मी मनात पक्के धरून ठेवले. त्याचा अर्थ मात्र मला फार उशिरा कळला.

१९७२ साली मी त्याच गिरणीत बदली कामगार म्हणून लागलो. सहा वर्षांनी कायम झालो. लग्न झाले, एक मुलगा आणि एक मुलगी झाली. आम्ही डिलाईल रोडच्या बी.डी.डी. चाळीत एका खोलीत राहत होतो. आणि १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. तो संप कोणी मागे घेतला नाही, तो नुसता विरत गेला. काही महिने मी बायका-मुलांना घेऊन गावी राहिलो. परत आलो तेव्हा काही गिरण्यांचे भोंगे पुन्हा वाजू लागले होते, पण आमच्या गिरणीच्या फाटकावर लागलेल्या यादीत माझे नाव नव्हते. चार महिने मी त्या फाटकावर रोज जात होतो.

शेवटी एका ठेकेदाराकडे काम मिळाले. फोर्टमधल्या एका कचेऱ्यांच्या इमारतीचे जिने झाडायचे, पुसायचे आणि संडास धुवायचे. जे काम करू नको म्हणून आबा सांगून गेले, तेच माझ्या वाट्याला आले. घरात दोन लहान मुले होती. मी काम स्वीकारले. त्यात मी काही वाईट केले असे मला आजही वाटत नाही. वाईट केले ते पुढचे.

मी घरी सांगितले की, कुर्ल्याच्या एका गिरणीत पुन्हा कामावर घेतले. मुलांच्या आईला खरे माहीत होते, पण तिलाही मी शपथ घातली. रोज सकाळी पहिल्या पाळीच्या वेळेस इस्त्रीचा शर्ट घालून, डबा घेऊन मी निघत असे. इमारतीच्या तळघरात कपडे बदलत असे. संध्याकाळी साबणाने हात धुऊन, तोच इस्त्रीचा शर्ट घालून घरी येत असे. मुले विचारीत, "बाबा, आज गिरणीत काय झालं?" मी गोष्टी रचून सांगत असे. जॉबर असे म्हणाला, मशीन असे बंद पडले. मुले हसत. रात्री झोपण्यापूर्वी मी त्यांच्याकडून पंचशील म्हणवून घेत असे. "मुसावादा वेरमणी" म्हणताना माझा आवाज सर्वांत मोठा असे.

असे चार वर्षे चालले. १९८७ साली मुलगा पाचवीत होता. शाळेच्या निबंध स्पर्धेत त्याचा नंबर आला. बक्षीस समारंभ नेमका मी काम करीत होतो त्या इमारतीतल्या सभागृहात होता. मला त्याची कल्पना नव्हती. गुरुजी मुलांची रांग घेऊन जिना चढत होते आणि मी पायरीवर बसून फडके पिळत होतो. मुलाने मला पाहिले. मी त्याला पाहिले. आणि मी, त्याचा बाप, तोंड भिंतीकडे फिरवले. रांग वर निघून गेली.

संध्याकाळी घरी त्याने बक्षीस दाखवले. मी शाबासकी दिली. तो त्या जिन्याबद्दल काही बोलला नाही, मीही बोललो नाही. मी मनात म्हटले, बहुधा त्याने ओळखले नसेल. तेव्हापासून मात्र "बाबा, आज गिरणीत काय झालं?" असे त्याने मला एकदाही विचारले नाही. हे ध्यानात यायला मला आठ वर्षे लागली.

१९९५ साली तो बारावीला होता. निकाल लागला. पास झालो म्हणून सांगितले, पेढे वाटले, पुढे बी.एस्सी.ला प्रवेश घेतला म्हणाला. रोज सकाळी डबा घेऊन निघे, संध्याकाळी येई. नोव्हेंबर महिन्यात शिष्यवृत्तीच्या अर्जाची चौकशी करण्यासाठी मी कॉलेजात गेलो. कारकुनाने रजिस्टर दोनदा चाळले. या नावाचा विद्यार्थी पदवीच्या वर्गात नाही म्हणाला. मुलगा बारावीला गणितात नापास झाला होता. पाच महिने तो एका झेरॉक्सच्या दुकानात काम करीत होता.

त्या संध्याकाळी तो आला. मी रागाने थरथरत होतो. म्हणालो, "इतकं खोटं बोलायला तुला कोणी शिकवलं?" तो शांतपणे म्हणाला, "बाबा, तुम्ही जसे कुर्ल्याच्या गिरणीत जात होतात, तसाच मी कॉलेजात जात होतो."

बंधूंनो आणि भगिनींनो, कोणी थोबाडीत मारली असती तर इतके लागले नसते. मुलांच्या आईने चूल बंद केली आणि येऊन बसली. ती म्हणाली, "दोघांचेही डबे मीच भरले. एकाला तरी मी विचारायला हवं होतं." त्या रात्री आम्ही चौघे त्या एका खोलीत पहाटेपर्यंत जागे होतो. फाटकावरच्या यादीपासून भिंतीकडे तोंड फिरवण्यापर्यंत मी सर्व सांगितले. मुलगाही बोलला. म्हणाला, "जिन्यावर तुम्ही मला नुसती हाक मारली असती, तर मी सगळ्या मुलांना सांगितलं असतं की हे माझे बाबा. तुम्ही तोंड फिरवलंत, तेव्हा मला वाटलं, कमी पडल्यावर तोंड फिरवायचं असतं. मी नापास झालो तेव्हा मीही तेच केलं."

मी काय शिकवले आणि मुलगा काय शिकला, याचा हिशेब त्या रात्री झाला. मी पंचशील तोंडाने शिकवले होते. तो माझ्या डब्याकडे पाहून शिकला.

आपल्या धम्मात बापाने मुलाला दिलेल्या शिकवणुकीचे एक फार सुंदर सुत्त आहे. त्यातला बाप म्हणजे स्वतः भगवान बुद्ध आणि मुलगा राहुल. भगवान बुद्ध कपिलवस्तूला आले तेव्हा लहानग्या राहुलने त्यांच्याकडे आपला वारसा मागितला, अशी कथा आहे. राज्य तर त्यांनी केव्हाच सोडले होते. मग वारसा काय दिला? मज्झिम निकायातील राहुलोवाद सुत्तात त्याचे उत्तर आहे. भगवंतांनी पाय धुतले आणि भांड्यात थोडेसे पाणी शिल्लक ठेवले. राहुलला विचारले, हे थोडे पाणी दिसते का? जाणूनबुजून खोटे बोलण्याची ज्याला लाज वाटत नाही, त्याच्यातले श्रमणपण असेच थोडके असते. मग ते पाणी फेकून दिले, भांडे पालथे केले, पुन्हा सरळ करून रिकामे भांडे दाखवले, आणि प्रत्येक वेळी तीच गोष्ट समजावली. थट्टेतसुद्धा खोटे बोलू नये, असे सांगितले. त्यानंतर आरशाचे उदाहरण दिले. आरशात जसे आपण तोंड पाहतो, तसे काया, वाचा आणि मन यांचे प्रत्येक कर्म करण्यापूर्वी, करताना आणि केल्यानंतर पाहावे. आणि चूक झाली असे दिसले तर ती झाकू नये, जाणत्या माणसापुढे उघड करावी.

सम्राट अशोकाला हे सुत्त इतके महत्त्वाचे वाटले की, राजस्थानात बैराट येथे मिळालेल्या भाब्रू शिलालेखात भिक्षू-भिक्षुणींनी आणि उपासक-उपासिकांनी वारंवार ऐकावे म्हणून ज्या सात धम्मग्रंथांची नावे त्याने कोरली, त्यांत खोटे बोलण्याविषयी राहुलला केलेल्या या उपदेशाचा समावेश आहे. मी हे सुत्त विहारात दहा वेळा ऐकले होते. पण ते रिकामे भांडे म्हणजे आपलाच डबा, हे मला १९९५ सालच्या त्या रात्री कळले.

आता त्या 'कृतार्थ' शब्दाकडे येतो. मुलगा साहेब झाला, बंगला बांधला, म्हणजे आई-बापाचा जन्म सार्थकी लागला, असे आपण समजतो. या बाबतीत मला सुभेदार रामजी सकपाळ यांची नेहमी आठवण होते. लष्करी शाळेत मुख्याध्यापक राहिलेला हा माणूस. पेन्शनीवर संसार. परळच्या डबक चाळीतली एक खोली, त्यातच चूल, सरपण, भांडीकुंडी. भीमरावाला अभ्यासाला शांतता मिळावी म्हणून ते त्याला लवकर झोपवीत, स्वतः मध्यरात्रीनंतर दोन वाजेपर्यंत जागे राहून त्याला उठवीत आणि मगच त्या जागेवर आपण झोपत. मुलाला हवे असलेले पुस्तक आणण्यासाठी ते लेकींच्या दारी जात, त्यांचा दागिना गहाण टाकत आणि पेन्शन आली की सोडवून देत. 'अभ्यास कर' हे त्यांनी किती वेळा सांगितले असेल कोणास ठाऊक. पण मुलाने आयुष्यभर लक्षात ठेवले ते त्यांचे जागे राहणे.

आणि त्यांनी डोळ्यांनी काय पाहिले? १९०७ साली मुलगा मॅट्रिक झाला, १९१२ साली बी.ए. झाला. १९१३ च्या आरंभी बाबासाहेब बडोद्याला नोकरीला गेले, आणि थोड्याच दिवसांत वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी बाबांनी देह ठेवला. मुलगा अमेरिकेला गेला ते त्यांनी पाहिले नाही. १९२७ चे चवदार तळे पाहिले नाही. संविधान पाहिले नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ची नागपूरची दीक्षाभूमी पाहिली नाही. मुलाच्या यशावरच बापाची कृतार्थता मोजायची असेल, तर रामजी बाबा अपुरेच गेले असे म्हणावे लागेल. तसे म्हणण्याचे धाडस आपल्यापैकी कोणी करील काय? त्यांची कृतार्थता रोज रात्री दोन वाजता पुरी होत होती. पुढे न्यूयॉर्कहून वडिलांच्या एका स्नेह्याला लिहिलेल्या पत्रात बाबासाहेबांनी, आई-बाप मुलाला फक्त जन्म देतात, त्याचे भवितव्य घडवणे त्यांच्या हाती नसते, ही समजूत टाकून द्यावी, आणि मुलांच्या बरोबरीने मुलींनाही शिकवावे, अशा आशयाचे विचार मांडले. ते लिहिताना त्यांच्या डोळ्यांपुढे डबक चाळीतला तो कंदील असेल, असे मला वाटते.

आबांच्या वाक्याचा अर्थही मला आता कळतो. झाडू वाईट आहे असे आबांना म्हणायचे नव्हते. जन्मावरून एखाद्याच्या हातात झाडू देणारी व्यवस्था वाईट, तिच्यापुढे मान खाली घालू नकोस, असे त्यांना म्हणायचे होते. मी उलटे केले. व्यवस्थेची लाज व्यवस्थेला वाटायला हवी होती, ती मी स्वतःच्या अंगावर घेतली. आणि ती न बोलता मुलाच्या अंगावर टाकली.

पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. मुलाने झेरॉक्सच्या दुकानात काम करीतच १९९६ साली पुन्हा परीक्षा दिली, बेताच्या मार्कांनी पास झाला, आय.टी.आय.ला जाऊन विजेचे काम शिकला आणि नोकरीला लागला. तो डॉक्टर व्हावा अशी माझी इच्छा होती. ती त्याची इच्छा कधीच नव्हती. तेही त्या रात्रीच कळले. मी इमारतीतले काम आणखी काही वर्षे केले, पण दुसऱ्याच दिवसापासून घरून निघताना कामाचेच कपडे घालून निघू लागलो. चाळीत चार दिवस कुजबुज झाली. पाचव्या दिवशी शेजारचे एक गृहस्थ जिन्यात गाठून म्हणाले, "मीही गिरणीत नाही, रात्री एका गोदामावर वॉचमन आहे. घरी सांगितलेलं नाही." मी म्हटले, "आज सांगा."

पालकांना माझे एवढेच सांगणे आहे. सिगालोवाद सुत्तात आई-वडिलांची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. मुलांना वाईटापासून आवरावे, चांगल्याकडे वळवावे, विद्या-कला शिकवावी, योग्य ठिकाणी विवाह करून द्यावा आणि योग्य वेळी वारसा सोपवावा. यात आपले अपुरे राहिलेले स्वप्न मुलाच्या खांद्यावर द्यावे, असे कर्तव्य नाही. ज्याचे स्वप्न त्याने पुरे करावे. मला लहानपणी शिकता आले नाही याचे दुःख होते. ते मी मुलावर ओझे म्हणून टाकले होते. आता निवृत्तीनंतर मी स्वतः वाचतो. एक पान वाचायला वेळ लागतो, पण ते माझे पान असते. दुसरे असे की, पगार कमी झाला, काम गेले, कर्ज झाले, तर मुलांना त्यांच्या वयाला समजेल इतके खरे सांगा. मुले गरिबी सोसतात. बापाने तोंड फिरवलेले सोसत नाहीत.

आणि विद्यार्थी मित्रांनो, आज ज्यांना प्रशस्तिपत्र मिळाले त्यांचे मनःपूर्वक अभिनंदन. पण माझे डोळे मघापासून मागच्या रांगांकडे जात आहेत. ज्यांना या वर्षी यश आले नाही, अशीही मुले तेथे बसली असतील. कदाचित घरी अजून खरे सांगितलेही नसेल. आता निकाल मोबाईलवर दिसतो, तरी लपवणारे लपवतातच. त्यांना मी हात जोडून सांगतो, आज रात्री घरी गेल्यावर सांगा. रागावतील, दोन दिवस जेवणार नाहीत. पण आपल्या घरात खरे बोलता येते, हे एकदा कळले की पुन्हा परीक्षेला बसण्याचे बळ आपोआप येते. आणि सांगण्याची भीती वाटत असेल तर माझ्याकडे या. मी तुमच्याबरोबर येऊन बाजूला बसेन. या कामाचा मला अनुभव आहे.

संस्थेच्या अभ्यासिकेची किल्ली गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. पहाटे पाच वाजता मी कुलूप काढतो, दिवे लावतो, जागा झाडतो आणि टेबले पुसतो. हो, झाडतो. हातात झाडू असतो आणि आबांची आठवण येते, पण आता मान खाली जात नाही. परवा नात लवकर आली. तिच्यासोबत कॉलेजातल्या दोन मैत्रिणी होत्या. मी केर काढीत होतो. तिने दारातूनच हाक मारली, "आजोबा, जरा थांबा, आम्ही आत येतो," आणि मैत्रिणींना म्हणाली, "हे माझे आजोबा."

अध्यक्ष महोदय, चिटणीसांनी मला कृतार्थ म्हटले, त्याचे उत्तर मला त्या हाकेत मिळाले. जी हाक मी माझ्या मुलाला जिन्यावर मारू शकलो नाही, ती माझ्या नातीने मला मारली.



नमो बुद्धाय! जय भीम!